चर्चमध्ये हलगी नको, मग रडायचं कुठं?

यंदाच्या गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये हलगी वाजली आणि त्यावरून जो काय राडा झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. मी काही लेखक-बिखक नाही, कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो, चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून. चर्चचं नाव सांगत नाही, सांगली-मिरज-कुपवाड या तिन्हीत मिळून कुठंतरी आहे असं समजा, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

तर गुड फ्रायडेची उपासना बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जण बोलणार, मधे मधे गीतं, सगळीकडं असतं तसंच. चौथा उद्गार तरुण संघाकडं होता. चौथा म्हणजे 'एली, एली, लमा सबख्थनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. सव्वाच्या सुमाराला चर्चच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी दोन पोरं रद्दी पेपर पेटवून हलगी शेकत होती. खऱ्या चामड्याची होती, फायबरची नाही, आणि चामडं जरा ढिलं असलं की आवाज बद्द येतो म्हणून एवढ्या उन्हातसुद्धा शेकायला लागते. धूर खिडकीतनं आत आला. महिला संघाच्या एक मावशी उठून बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "काय पेटवलंय रं पोरांनो आजच्या दिवशी?" पोरगं म्हणालं, "सूर लावतोय मावशी." मावशींना वाटलं चेष्टा करतंय. मी पेटीवर बसून हे सगळं ऐकत होतो आणि मला हसू पण येत होतं आणि पोटात गोळा पण आला होता, कारण पुढं काय होणार ते मला माहीत होतं, पोरांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, पाळकसाहेबांना अर्धवट सांगितलं होतं आणि कमिटीला अजिबात नाही.

मागच्या दारातनं एक पोरगं वाजवत आत आलं. हळू. तिरडीच्या पुढं चालतात तसं, एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल. दुसरं पोरगं पुढं उभं राहून बाविसावं स्तोत्र वाचायला लागलं, कारण येशूनं वधस्तंभावर जी ओळ म्हटली ती त्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. वाचताना मधे थांबायचं, तेवढ्यात हलगी. भाषण नाही, गीत नाही, स्पष्टीकरण नाही. सात-आठ मिनिटं झाली असतील. बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यांदा हुंदका दिला, तो दाबला पण नाही. आणि तिसऱ्या बाकावरनं आमचे एक ज्येष्ठ पंच, सगळे त्यांना काका म्हणतात, ते उठले, चष्म्याची केस खिशात घातली आणि निघून गेले.

त्या रात्रीपासून ग्रुपवर जे सुरू झालं ते काय सांगायचं. चर्च आहे का कुस्तीचा फड आहे, उद्या लावणी आणाल, मयताला आलोय का उपासनेला. (गुड फ्रायडेलाच हो, मयतालाच आलोय की आपण, अजून कशाला येतो त्या दिवशी? असं टाईप केलं होतं मी, मग डिलीट केलं.)

आता पहिलं म्हणणं सगळ्यांचं एकच, की ही आपली परंपरा नाही. याचं उत्तर सोपं आहे त्यामुळं पटकन संपवतो. मिशनऱ्यांच्या काळात मराठी गीतं म्हणजे बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, इंग्रजी चालीत कोंबलेली, लहान अक्षर ताणायचं आणि मोठं गिळायचं. त्यात अभंग, भजन, कीर्तन जोरात आणलं ते ना. वा. टिळकांनी, म्हणजे १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या कोकणातल्या ब्राह्मण कवीनं, जो म्हणायचा की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. हेच टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून आपल्या शेजारी साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेला असो नसो, ख्रिस्ताचा शिष्य व्हायचंय ना, या म्हणाले. दोन वर्षांत गेले बिचारे. आज उपासना संगीत, म्हणजे आपलं गीतपुस्तक, उघडलं की त्यांची गाणी ढिगानं आहेत आणि काकांसकट सगळे ती डोळे मिटून गातात. त्याच्याही तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं आख्खं ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, १६१६ ला छापलं. म्हणजे आपल्याकडं परंपरा कुठली असेल तर ती हीच, की जे बाहेर वाजतंय ते आत आणायचं.

आणि पेटीचं काय सांगता? ती तर युरोपातनं आलेली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० सालापासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती, हिंदुस्थानी संगीताला शोभत नाही म्हणून. मी ज्याच्यामागं बसून 'परंपरा' वाजवतो ते यंत्रच एकेकाळी दोन्हीकडनं परकं होतं.

पण परंपरेचा मुद्दा जिंकून मला काही मिळणार नाही, कारण जुनं एकेकाळी नवं होतं हे कशाबद्दलही म्हणता येतं, डीजेबद्दल पण म्हणता येईल, आणि डीजे मला चर्चमध्ये नकोय. माझा मुद्दा वेगळा आहे. तो सांगायला २०१९ मध्ये जावं लागेल.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. तिकडं ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी आम्ही मिरजेत सासरवाडीला बसून मोबाईलवर बघत होतो, आणि आमचं तळमजल्याचं घर तेव्हा पाण्याखाली होतं. निघताना मी पेटी कपाटावर ठेवली होती, वडिलांची पेटी, म्हटलं तिथपर्यंत काय येतंय पाणी. आलं. उतरल्यावर दार उघडलं तर कपाट आडवं पडलेलं आणि पेटी पालथी, गाळात. तो वास ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे.

पाणी उतरल्यावरचा पहिला रविवार. चर्चच्या भिंतीला गाळाची रेघ तशीच होती, बाकं बाहेर वाळत घातलेली, आम्ही सतरंजीवर बसलो होतो. आणि त्या दिवशी, मला अजून खरं वाटत नाही, आम्ही टाळ्या वाजवून विजयाची गाणी म्हटली. तेव्हा नुकताच कीबोर्ड, ड्रमपॅड आणि दोन मोठे स्पीकर असा सेट आला होता, वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला होता, आणि पोरांना वाटलं लोकांना धीर देऊया. चूक त्यांची नव्हती. माझ्या पुढं एक जण बसले होते, त्यांची झेरॉक्सची दोन मशिनं गाळात गेली होती, मशिनं गेली पण हप्ते चालूच, आणि ते टाळ्या वाजवत होते, आणि मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. कुणीही, एकानंही त्या दिवशी चर्चमध्ये असं म्हटलं नाही की देवा, हे काय केलंस. म्हणायला गाणंच नव्हतं आमच्याकडं.

त्या रात्री सासरवाडीच्या गच्चीवर माझ्या भाच्यानं मला एक गाणं ऐकवलं. हा भाचा म्हणजे मेटल, म्हणजे ते कानठळ्या बसवणारं रॉक, ऐकणारा, काळा टी-शर्ट, केसांवरून घरात रोज भांडण. म्हणाला मामा हे ऐक, मेटल नाहीय, घाबरू नको. तीन-सव्वातीन मिनिटांचं आहे, शब्दच नाहीत. एक माणूस गिटारच्या तारेवर काहीतरी घासतोय आणि बरोबरीनं नुसतं हुंकारतोय, कण्हतोय म्हणा. आमच्याकडं म्हातारी माणसं रात्री कूस बदलताना करतात ना, तसं. मी म्हटलं हे काय आहे? तर तो अमेरिकेतल्या टेक्सासचा आंधळा काळा माणूस, ब्लाइंड विली जॉन्सन, रस्त्यावर उभा राहून सुवार्ता गायचा, आणि हे रेकॉर्डिंग ३ डिसेंबर १९२७ चं, डॅलसमधलं. नावाचा अर्थ साधारण असा की रात्र काळी होती, जमीन गार होती. हे नाव एका जुन्या चर्चगीतावरून आलंय, गेथशेमाने बागेतल्या रात्रीच्या. म्हणजे येशू पालथा पडून हा प्याला टळू दे म्हणतोय आणि शिष्य झोपलेत ती रात्र. विली जॉन्सननं त्या गीतातले शब्द काढून टाकले आणि फक्त कण्हणं ठेवलं.

मी टर्नर माणूस, मला इंग्रजी गाणी कळत नाहीत, पण याला इंग्रजी लागतच नव्हतं. मी पाण्याच्या टाकीला टेकून रडलो, भाच्यासमोर, आणि तो बिचारा मोबाईलमध्ये बघत बसला. आठ दिवसांत पहिल्यांदा मला प्रार्थना केल्यासारखं वाटलं. (१९७७ ला अमेरिकेनं व्हॉयेजर यान सोडलं, त्यात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली, पृथ्वीवरचे आवाज म्हणून, त्यात हे गाणं आहे. आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी पण त्याच तबकडीत आहे. म्हणजे दोघं बरोबरच निघालेत.)

मग मी शोधायला लागलो आणि लक्षात आलं की चर्चनं ज्याला वेडंवाकडं म्हटलं त्यातलं बरंचसं संगीत असल्या रात्रीतनंच आलंय. शिकागोत थॉमस डॉर्सी म्हणून होता, आधी बारमध्ये ब्लूज वाजवायचा, मग चर्चसाठी त्याच ढंगात गाणी करायला लागला तर सुरुवातीला मोठमोठ्या चर्चनी हाकललं त्याला. १९३२ मध्ये तो दुसऱ्या गावी गाण्याला गेला असताना बायको बाळंतपणात गेली, मागोमाग बाळ गेलं. त्यानंतर केलेलं त्याचं गाणं आज जगभर मयताला म्हणतात. फिनलंडमध्ये लुथरन चर्चची एक उपासना २००६ पासून मेटल बँडवर होते, शब्द आणि चाली त्यांच्या नेहमीच्या गीतांच्याच. हे भाच्यानं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आता नाही हसत. रागाला एक वाद्य लागतं.

आणि हे काय बायबलच्या बाहेरचं आहे का? उलट. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं, त्यातली पन्नासेक तरी विलापाची. आम्हाला शेवटचं पाठ, कर्णा वाजवा, झांजा वाजवा, नाचा. ८८ वं कुणी पाठ केलंय? त्या स्तोत्रात शेवटी काहीच ठीक होत नाही, देव उत्तर देत नाही, ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तसं स्तोत्र बायबलमध्ये ठेवायला ज्यांची हरकत नव्हती त्यांच्यापेक्षा आमची कमिटी जास्त पवित्र आहे का? तुकोबांनी एका अभंगात माझ्या लेखी देव मेला असं सरळ म्हणून टाकलं, आणि वारकऱ्यांनी गाथेतनं ते काढलं नाही. आणि टिळक, ज्यांच्या पुलाचं आपण एवढं कौतुक करतो, त्यांची शाळेतली कविता आठवते ना, पारध्यानं मारलेल्या पक्षिणीची, पिल्लांसाठी उडत-पडत घरट्याकडं जाणारी? मराठी शाळेत शिकलेला माणूस ती विसरत नाही. तोच कवी आपल्या गीतपुस्तकात आहे पण आम्ही त्याची गोड गाणीच काढतो दर रविवारी, तीच वीस-पंचवीस, ठरलेली. मी पेटीवर असतो, मला नंबर पाठ आहेत, पुस्तकाची ती पानंच काळी पडलीत आणि बाकीची कोरी करकरीत.

नव्या वर्शिप बँडवाल्यांचं पण सांगतो, नाहीतर वाटेल मी फक्त म्हाताऱ्यांवर घसरतोय. मोठ्या शहरातनं जी गाणी येतात ती आता इतकी एकसारखी झालीत की चार कॉर्ड धरले की झालं, पहिलं कडवं हळू, मग ड्रम, मग सगळे हात वर, मग लाईट कमी. इंग्रजीचं हिंदी, हिंदीचं मराठी, आणि त्यातलं मराठी ऐकवत नाही, 'तू आहेस चांगलाऽऽ' असं कोण बोलतं हो घरात? देवाशी तरी नीट मराठीत बोला. गिटार आली म्हणजे गाणं बंडखोर झालं असं काही नसतं, त्या गाण्यांत तर उपासना संगीताइतकं पण दुःख नाही. जुनं झोपाळू, नवं खूश, आणि ज्याची मशिनं गाळात गेलीत तो दोन्हीकडं परका.

हलगीनं नेमकं हे केलं. ती खूश पण नव्हती आणि झोपाळू पण नव्हती.

आता खरा अवघड भाग, जो ग्रुपवर कुणीच लिहिला नाही कारण लिहायची लाज वाटते. काकांना हलगी का नको? शास्त्रात नाही म्हणून? नाही. दावीद राजा देवाच्या कोशापुढं, म्हणजे कराराच्या पेटीपुढं, नाचला, त्याची बायको मीखल खिडकीतनं बघून त्याला हसली, हा उतारा काकांनी स्वतः शब्बाथशाळेत आम्हाला शिकवलाय. काकांना हलगी नको कारण त्यांच्या आज्याला हलगी वाजवायलाच लागायची. गावात लग्न असो, मयत असो, म्हशीची मिरवणूक असो, बोलावणं आलं की जायचं, चपला काढून, आणि वाजवून झालं की पदरात पडेल ते भाकरतुकडं घेऊन मागच्या वाटेनं यायचं. आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे, माझ्या पण. आपल्या भागातला ख्रिस्ती माणूस मुख्यतः कुठनं आला हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्या माणसांनी मिशनच्या शाळेत पाटी धरली, दवाखान्यात नोकरी धरली आणि पहिली गोष्ट काय केली तर हलगी खुंटीवरनं काढली. काकांच्या वडिलांनी ती विहिरीत टाकली असं आमच्या घरी सांगतात. आणि आता त्याच घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं ती हौसेनं विकत आणून चर्चमध्ये वाजवतंय! काकांच्या जागी बसून बघा जरा. आपण जे सोडायला तीन पिढ्या घालवल्या ते नातू स्टाईल म्हणून परत आणतोय. मी या बाबतीत काकांना एका शब्दानं बोलणार नाही.

पण तरीही मला वाटतं पोरांचं बरोबर आहे, आणि का ते सांगतो. तामिळनाडूत हाच वाद पराई या वाद्यावरून झालाय, ते पण चामड्याचं, शेकून वाजवायचं, आणि ते पण दलितांच्या गळ्यात मयतासाठी बांधलेलं. तिथं थिओफिलस अप्पावू नावाचे पाळक होते, मदुराईच्या सेमिनरीत शिकवायचे, त्यांनी आयुष्यभर लोकसंगीतात ख्रिस्ती गाणी केली, कर्नाटकी संगीतातल्या 'सभ्य' ख्रिस्ती गाण्यांना वैतागून. त्यांचं म्हणणं साधारण असं की देवापुढं जायला आधी वरच्या जातीचं गाणं शिकावं लागत असेल तर ती कसली सुवार्ता. हे वाचलं आणि मला आमच्या चर्चचं आठवलं, आम्हाला इंग्रजी चाल चालते, अभंग चालतो, शास्त्रीय आलाप असेल तर वा वा, कीबोर्ड चालतो. फक्त आपलं स्वतःचं जे होतं तेवढंच चालत नाही. हलगी वाईट नव्हतीच हो, बोलावणं वाईट होतं. गुड फ्रायडेला त्या पोराला कुणी बोलावलं नव्हतं, चपला काढायला लावल्या नव्हत्या, मागच्या वाटेनं जायला लावलं नव्हतं. ते मधल्या वाटेनं चालत पार वेदीपर्यंत आलं.

मिरजेजवळच्या माणसानं तर वाद्य कुणाचं आणि देव कुणाचा हा हिशोब करूच नये खरंतर. अब्दुल करीम खाँसाहेब इथल्या दर्ग्यात पुरलेत, दरवर्षी उरसाला तिथं रात्र रात्र गाणं चालतं, हिंदू गायक दर्ग्यात भजनं गातात आणि कुणाच्या कपाळावर आठी येत नाही. मी पण जातो, मागं बसतो. खाँसाहेब १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रवासातच वारले, सांगतात की वाटेत बरं वाटेना म्हणून लहानशा स्टेशनवर उतरले, फलाटावर अंथरूण टाकलं, नमाज पढले आणि दरबारीत अल्लाचं नाव गात गात गेले. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, पेटी पुसता पुसता, आणि पुढं म्हणाले होते की मरताना गळ्यात जे येतं ते खरं भजन.

एक हरकत मात्र राहते आणि ती सगळ्यात वजनदार आहे. आमच्या पाळकसाहेबांनीच घेतली, भांडून नाही, चहा पिता पिता. म्हणाले, तुला गच्चीवर एका आंधळ्याच्या कण्हण्यात देव भेटला, चांगलं आहे, पण मंडळी म्हणजे शंभर माणसं एका तोंडानं गातात ती. प्रत्येकजण आपापलं हेडफोनमधलं चर्चमध्ये आणायला लागला तर मंडळी कुठं राहिली? तुला जे भिडलं ते शेजारच्या आजीला नाही भिडणार.

हे बरोबर आहे. म्हणूनच मी विली जॉन्सन रविवारी लावा असं कधी म्हटलं नाही आणि म्हणणार पण नाही. भाच्याचं मेटल तर नाहीच, ते मलाच झेपत नाही. एकट्याचं गाणं वेगळं आणि मंडळीचं वेगळं, मंडळीचं गाणं आजीला पहिल्या दोन ओळीत धरता आलं पाहिजे, पट्टी जमली पाहिजे, बायका आणि बाप्ये दोघांना, हे तीसेक वर्षं पेटीवर बसून माझ्याइतकं कुणाला कळणार. पण मी पाळकसाहेबांना उलटं विचारलं, की माणसं हेडफोन घालतात कशाला? आपण आनंद तेवढा पुस्तकात ठेवला आणि बाकीचं सगळं, राग, दुखणं, देवाशी अबोला, हे घरी ठेवून या म्हटलं, तर ते घरी हेडफोनमध्येच जाणार ना. पोरं चर्च सोडून जातात ती नाचायला मिळत नाही म्हणून जातात असं आपल्याला वाटतं. माझा भाचा पुराच्या वर्षी जो यायचा बंद झाला तो काही नाचायला गेला नाही कुठं, घरीच बसतो, दार लावून. आणि मंडळीचं म्हणाल तर गुड फ्रायडेला हलगीबरोबर कुणी गायलं नाही हे खरं, पण त्या आठ मिनिटांत सगळं चर्च एकाच जागी होतं असं मला पेटीवरनं दिसत होतं, आणि हे मी 'विजयाच्या' गाण्यात कधी बघितलेलं नाही, त्यात निम्मे लोक मोबाईलवर असतात.

पाळकसाहेब चहाचा कप ठेवून म्हणाले, बघू. कमिटीच्या मिनिट्समध्ये पण तेच आहे, विषय पुढच्या मीटिंगला घ्यावा.

माझी मागणी तशी फार नाही. वर्षातनं चार-पाच रविवार विलापाचे ठेवा, पुस्तकातल्या कोऱ्या पानांवरची गीतं काढा, कुणाचं पोर गेलं, कुणाची नोकरी गेली, पूर आला, तर त्या रविवारी टाळ्या नकोत. ८८ वं स्तोत्र वाचा आणि वाचून झाल्यावर लगेच घाईघाईनं 'पण देव चांगला आहे' असं म्हणू नका, मिनिटभर गप्प बसा. त्यात हलगी लागली तर हलगी, सारंगी मिळाली तर सारंगी, काहीच नाही मिळालं तर माझी पेटी आहे. ती मी पुरानंतर मिरजेत एका पेटीवाल्याकडं नेली होती. त्यानं झाकण काढलं तर पितळेचे सूर हिरवे पडलेले, भात्याचा पुठ्ठा पापडासारखा फुगलेला, आत एक मेलेलं झुरळ आणि गाळाचा थर, केकसारखा. चार महिने लावले त्यानं. सगळे सूर आले, काळी पाचचा तेवढा भसभसतो, आणि आमची मंडळी गाते काळी दोनमध्ये, म्हणजे नेमका पंचम. तो म्हणाला नवा सूर घालून देतो, दीडशे रुपये. मी म्हटलं राहू दे. लोक विचारतात पेटीला काय झालंय, मी सांगतो पाणी गेलंय.

काकांचं सांगायचं राहिलं. ईस्टर झाल्यावर आठवड्याभरानं संध्याकाळी ते वर्कशॉपवर आले, गाडीवरनं उतरले नाहीत, गेटातनंच हाक मारली. मला वाटलं आता शिव्या. इकडचं तिकडचं बोलले, ऊस, पाऊस, मुलीचं बाळंतपण. मग म्हणाले, "त्या पोराला सांग, ती मयताची चाल न्हवं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"कुस्तीच्या फडातली चाल हाय ती. नुसती हळू केलीया. मयताची अशी नसती." आणि त्यांनी गाडीच्या सीटवर दोन बोटांनी वाजवून दाखवली, एकदा, मग परत एकदा, दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ, मान खाली घालून. शेजारच्या लेथचा आवाज चालू होता त्यामुळं मला नीट ऐकू पण आलं नाही.

मग किक मारली आणि म्हणाले, "पण देवळात नगं."